उरीयाचं प्रकरण सोडून

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. ‘ऐकताना बाईकवर होतो, नावं नीट कळली नाहीत’ अशी तक्रार बरेच जण करतात, म्हणून प्रत्येक भाग असा लिहूनही टाकते. बोललेलं अगदी जसंच्या तसं नाही. ‘म्हणजे ना’ कमी केलेत, आणि मध्ये शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, त्याही काढल्यात.

विषय आला तो एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ताई, बायबलमधला देव पेपर तपासताना झोपतो का? दावीदनं दुसऱ्याची बायको घरात आणली, तिच्या नवऱ्याला मारवलं, तरी तो देवाचा लाडका. आणि त्याच्या आधीचा राजा शौल, त्यानं लुटीतली चार मेंढरं ठेवून घेतली तर त्याचं राज्यच गेलं. यात लॉजिक काय?’

मी आधी हसले. मग लक्षात आलं की हा प्रश्न माझ्याच घरातला आहे.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते, आणि आमच्या मंडळीत वडील. वडील म्हणजे इथे बाप नव्हे. चर्चचा कारभार बघणाऱ्या जाणत्या माणसांना आमच्याकडे वडील म्हणतात. रोज संध्याकाळी सात ते नऊ ते घराच्या ओट्यावर कंदील लावून पोरांना शिकवायचे. फी नाही, जात विचारायची नाही. त्या ओट्यावर शिकलेली माणसं आज तलाठी आहेत, नर्स आहेत, एक जण तर एसटीत डेपो मॅनेजर होऊन रिटायर झाला. आजोबा गेले तेव्हा चर्चमध्ये जागा पुरली नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात त्यांना दावीदची उपमा दिली: देवाच्या मनासारखा माणूस.

माझ्या शेजारी आजी बसली होती. तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं आहे. लहानपणी विचारलं की म्हणायची, ‘विहिरीवर पाय घसरला.’ ते काम विहिरीचं नव्हतं, आजोबांचं होतं, हे मला बारावीनंतर कळलं. हे इथे सांगण्याआधी आजीला विचारलंय. ‘सांग की, नाव नको घेऊ,’ म्हणाली.

तर पाळकसाहेब खोटं बोलले का? ओट्यावरची पोरं खोटी नव्हती. मनगटही खोटं नव्हतं. आणि दावीदची उपमा त्यांनी सहज दिली असेल, पण मला ती रुतून बसली, कारण दावीदची गोष्ट मला पूर्ण माहीत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती २ शमुवेलच्या ११व्या अध्यायात आहे. वसंत ऋतू, राजे लढाईला निघायचा काळ. दावीदची फौज राब्बा शहराला वेढा घालून बसलीये आणि राजा स्वतः मात्र यरुशलेमेत. संध्याकाळी तो धाब्यावर फेऱ्या मारतो, खाली एक बाई अंघोळ करताना दिसते. चौकशी करतो. कळतं की ती बथशेबा, उरीया हित्तीची बायको. उरीया त्याच्याच फौजेत आहे, आघाडीवर. तरी दावीद माणसं पाठवून तिला आणवतो. तिला विचारलं का, तिची इच्छा होती का, याबद्दल मजकुरात अक्षर नाही. राजाची माणसं दारात आल्यावर ‘नाही’ म्हणायची सोय किती असते ते तुम्हीच ठरवा.

ती गरोदर राहते. आता लपवाछपवी. दावीद उरीयाला लढाईवरून बोलावून घेतो आणि घरी जा, आराम कर म्हणतो, म्हणजे मूल त्याच्या नावावर खपेल. उरीया घरी जात नाही. सोबती उघड्या मैदानात झोपलेत, मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, म्हणतो. दुसऱ्या दिवशी राजा त्याला दारू पाजतो. तरी तो जात नाही. मग राजा सेनापती यवाबाला चिठ्ठी लिहितो: याला जिथे लढाई जोरात आहे तिथे पुढे ठेवा आणि मागे सरका. आणि ही चिठ्ठी पोचवायला कुणाच्या हातात देतो? उरीयाच्याच. शुद्धीत नसताना जेवढा तो इमानदार राहिला, तेवढा राजा शुद्धीत असताना राहिला नाही.

आता आपला प्रश्न नीट मांडू. देव आहे की नाही, हा आजचा विषय नाही. नास्तिक श्रोत्यांनी त्याला या गोष्टीतला न्यायाधीश समजून ऐकलं तरी चालेल. तर्कसंगत म्हणजे मी एवढंच विचारतेय: हा न्यायाधीश सगळी माहिती घेऊन निकाल देतो का? सगळ्यांना एकच माप लावतो का? की आवडता-नावडता असा कारभार आहे?

माहितीचं आधी संपवते, कारण ते सोपं आहे. ज्याला दोष माहीतच नाही त्याची पसंती म्हणजे भाबडेपणा, आणि ज्याला माहीत असून तो लपवतो त्याची पसंती म्हणजे खुशामत. जुन्या काळच्या राजांचे शिलालेख बघा. मवाबाचा राजा मेशा याचा ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला शिलालेख १८६८ साली सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात काय आहे? मी जिंकलो, मी बांधलं, माझा देव माझ्यावर खूश. राजानं शेजाऱ्याची बायको पळवली असं कोरून ठेवायला कोण कारागिराला पैसे देईल? आणि इथे दावीदला देवाच्या मनासारखा म्हणणारं जे पुस्तक आहे, तेच उरीयाच्या हातातल्या चिठ्ठीचीही गोष्ट सांगतं. ११व्या अध्यायाचा शेवटच असा आहे की दावीदनं केलेलं परमेश्वराला वाईट वाटलं. म्हणजे पसंती आहे, पण आंधळी नाही.

गंमत म्हणजे पुढच्या काळात खुद्द वाचणाऱ्यांनाच हे जड गेलं. १ इतिहास हे पुस्तक तीच लढाई सांगतं, राजा यरुशलेमेत राहिला हेही सांगतं, आणि मग बथशेबाचं प्रकरण गाळून थेट राब्बा जिंकल्यावर जातं. तालमूदमध्ये तर एका रब्बींचं मत नोंदलंय की दावीदनं पाप केलं म्हणणाराच चुकतो. तेव्हाचे सैनिक लढाईला जाताना बायकोला घटस्फोटाचा कागद देऊन जायचे, त्यामुळे बथशेबा तशी मोकळीच होती, असा बचाव. वकिली म्हणून छान आहे. पण मूळ गोष्टीत दावीद स्वतःच हा बचाव करत नाही, मग आपण का करायचा?

आता माप. शौलाचं काय झालं होतं? १ शमुवेल १५ मध्ये त्याला अमालेकी लोकांचं काहीही शिल्लक ठेवू नकोस असा हुकूम होता. (तो हुकूम, त्यात बायका-पोरंसुद्धा, आजच्या कुठल्याही वाचकाच्या घशात अडकतो. माझ्याही. त्यावर वेगळा भाग लागेल, दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नाही.) शौल राजा अगागला जिवंत ठेवतो, चांगली गुरं-मेंढरं ठेवून घेतो. शमुवेल संदेष्टा येतो तेव्हा शौल आधी म्हणतो, मी हुकूम पाळला. शमुवेल विचारतो, मग हे मेंढरांचं ओरडणं कसलं कानावर येतंय? तर म्हणे लोकांनी आणली, यज्ञासाठी. मग, हो, माझं चुकलं, पण लोकांची भीती वाटली. आणि शेवटी, राज्य गेलं हे कळल्यावरही, मी पाप केलं खरं, पण आता वडीलजनांसमोर माझा मान राखा.

हे वाचताना ओळखीचं वाटतं की नाही? ‘सॉरी, पण’ मधला ‘पण’. शौलही ‘पाप केलं’ हे शब्द उच्चारतो, दोनदा उच्चारतो. म्हणजे दावीदनं जादूचे शब्द म्हटले आणि शौलनं नाही, असं नाहीये. शौलाला चूक पुसायची नाहीये, फोटो बिघडू द्यायचा नाहीये.

दावीदकडे नाथान संदेष्टा येतो आणि गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच कोकरू. त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या कुशीत झोपायचं, मुलीसारखं. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, त्यानं आपल्या ढीगभर मेंढरांना हात न लावता ते कोकरू कापलं. दावीद भडकतो: असला माणूस मेला पाहिजे, चौपट भरपाई दिली पाहिजे! नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

इथे राजाकडे काय काय पर्याय होते बघा. नाथानचं मुंडकं उडवता आलं असतं. काही पिढ्यांनंतर आसा राजानं असंच तोंडावर बोलणाऱ्या द्रष्ट्याला खरोखर तुरुंगात टाकलं होतं. ‘तिनंच अंघोळ उघड्यावर का केली’ हा तर आजही चालणारा बचाव. दावीद यातलं काही करत नाही. तो परमेश्वराविरुद्ध पाप केलं एवढंच म्हणतो. मूळ हिब्रूत हे फक्त दोन शब्द आहेत. पुढे ‘पण’ नाही.

म्हणजे माप एकच आहे, फक्त आपण समजतो ते नाही. आपल्या डोक्यात सिबिल स्कोअर असतो. हप्ता चुकला, पन्नास वजा. वेळेवर भरला, दहा जमा. शेवटी एक आकडा, आणि त्या आकड्यावर माणूस पास किंवा नापास. त्या हिशेबानं दावीद शौलाच्या कितीतरी खाली जाईल आणि देवाचा निकाल चक्रम ठरेल. पण हा न्यायाधीश बेरीज करतच नाहीये. तो बघतोय, हा माणूस आपल्यावर कुणी आहे असं मानतो का? राजा असूनही निकाल अंगावर आला तर तो निकाल मान्य करतो का? हे माप शौलाला लावा, दावीदला लावा, तुरुंगवाल्या आसाला लावा. उत्तरं वेगळी येतात, माप बदलत नाही.

शब्दांनीही घोळ घातलाय. नोहासाठी, ईयोबासाठी आपल्या मराठी शास्त्रात ‘सात्त्विक’ असा शब्द भेटतो. सात्त्विक म्हटलं की आपल्याला कांदा-लसूण नसलेलं ताट आठवतं. असा माणूस चुकतच नसणार. राजांच्या बाबतीत हिब्रूत येतो तो शब्द ‘शालेम’, ‘शालोम’च्याच धातूतला. मन शालेम होतं म्हणजे ते अखंड होतं, दोन डगरींवर पाय नव्हता. हाच शब्द अनुवादमध्ये वेदीच्या दगडांना वापरलाय. वेदी अशा दगडांची बांधायची की ज्यांना लोखंडी हत्यार लागलेलं नाही. घासूनपुसून गुळगुळीत केलेले दगड नकोत, अखंड हवेत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून चहा करायला गेले होते, इतकं ते माझ्या समजुतीच्या उलट होतं. शालेम मन म्हणजे डाग नसलेलं मन नव्हे.

आणि ‘मनासारखा माणूस’ हे शब्द केव्हा येतात? १ शमुवेल १३ मध्ये, शौलाला झापताना. तेव्हा दावीद गोष्टीत आलेलासुद्धा नाही. काही अभ्यासक तर म्हणतात की त्याचा अर्थ ‘देवानं आपल्या मर्जीनं निवडलेला’ एवढाच घ्यावा. म्हणजे ते आयुष्याच्या शेवटी मिळालेलं कॅरेक्टर सर्टिफिकेट नाही. नव्या करारात, प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये, ते दावीदच्या नावानं पुन्हा येतं हे खरं, पण तिथेही रोख त्याला राजा केलं, यावरच आहे.

इथे मला वाटतं आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो: निवड, पसंती आणि क्षमा. याकोबाची निवड तो आईच्या पोटात असतानाच झालेली आहे, म्हणजे त्यानं काही केलेलंच नाही तेव्हा. पुढे तो आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतो, आणि मग स्वतःच लग्नाच्या रात्री अंधारात फसतो, राहेल समजून लेआशी लग्न करून बसतो. निवड झाली म्हणून फसवणूक मंजूर झाली असं गोष्ट कुठेच म्हणत नाही; उलट त्याच्याच नाण्यात त्याला परत देते. येहू राजाचं तर फारच बोलकं आहे. अहाबाच्या घराण्याचा नायनाट केला म्हणून २ राजे १० मध्ये त्याला शाबासकी आणि चार पिढ्या गादी मिळते. लगेच पुढच्या वचनात: पण तो मनापासून देवाच्या नियमानं चालला नाही. आणि नंतर होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच देव म्हणतो, इज्रेलात सांडलेल्या रक्ताचा जाब मी येहूच्या घराण्याला विचारणार. एकाच माणसाबद्दल. पसंती ‘कशाबद्दल’ हे विचारल्याशिवाय या ओळी वाचताच येत नाहीत.

इफ्ताहाबद्दल मात्र माझं समाधान झालेलं नाही. शास्तेमध्ये तो एक उतावळा नवस बोलतो आणि स्वतःच्या मुलीचा बळी देतो, आणि इब्री ११ मधल्या विश्वासू माणसांच्या यादीत त्याचं नाव येतं, मुलीबद्दल चकार शब्द नाही. ‘त्याच्या विश्वासाबद्दल पसंती, नवसाबद्दल नाही’ असं म्हणता येतं. मीही म्हणते. पण मोठ्यानं म्हणवत नाही.

बरं, आता सगळ्यात अवघड भाग, क्षमा. दावीद दोन शब्द बोलतो आणि नाथान सांगतो, देवानं तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. एवढ्यावर? ऑरेल कोल्नाई नावाच्या तत्त्वज्ञानं १९७०च्या दशकात क्षमेबद्दल एक पेच मांडला होता. समजा एखाद्यानं चूक केली आणि तो बदललाच नाही. त्याला माफ करणं म्हणजे चुकीला चालवून घेणं, ते बरोबर नाही. आणि समजा तो पूर्ण बदलला. मग माफ करायला उरलं काय? राग धरायचं कारणच गेलं. म्हणजे क्षमा एक तर चुकीची किंवा बिनकामाची.

मी यावर खूप दिवस अडकले होते. मग पैशांच्या उदाहरणानं थोडं सुटलं. दोन मित्रांनी तुमच्याकडून पाच-पाच हजार उसने घेतले. एक म्हणतो, ‘कधी घेतले? काहीतरीच काय.’ दुसरा म्हणतो, ‘घेतले, उडवले, माझी चूक, आत्ता परत द्यायला नाहीत.’ दुसऱ्याला तुम्ही सोडलंत तर तुम्ही मूर्ख ठरत नाही. सोडलं नाहीत तरी तुम्ही दुष्ट ठरत नाही. त्याच्या कबुलीनं तुम्हाला एक कारण दिलं, पण बंधन घातलं नाही. पाच हजार अजूनही देणंच आहेत, ते कुठे गेले नाहीत. कोल्नाईच्या पेचात ही मधली जागा निसटते असं मला वाटतं: कारण आहे, सक्ती नाही. पहिल्याला सोडायचं म्हटलं तर मात्र अडचण आहे, कारण त्याच्या मते सोडण्यासारखं काही घडलेलंच नाही. क्षमा कशाची करणार?

शिवाय इथे क्षमा म्हणजे ‘विषय संपला’ असं अजिबात नाही. बथशेबाचं बाळ सातव्या दिवशी जातं. (बापाच्या पापात बाळाचा काय दोष? हेही मला पटलेलं नाही, आणि पटलं असं भासवणार नाही.) मग दावीदचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. राजा संतापतो आणि करत काहीच नाही. कोणत्या तोंडानं करणार? तामारचा भाऊ अबशालोम दोन वर्षं थांबून अम्नोनला मारतो, पुढे बापाविरुद्ध बंड करतो आणि शेवटी मारला जातो. दावीद नाथानसमोर रागात ‘चौपट’ म्हणाला होता. तालमूद मोजतं, बाळ, अम्नोन, तामार, अबशालोम. बंडात अबशालोमचा सल्लागार अहीथोफेल, तो तर दोन ठिकाणच्या यादीतली नावं जुळवली तर बथशेबाचा आजा निघतो. म्हणजे घरातल्या कुणीतरी विसरलेलं नव्हतं.

आणि उरीया? क्षमा मागणारा जिवंत आहे, क्षमा करणारा जिवंत आहे, ज्याचं गेलं तो मेलाय. स्तोत्र ५१ हे नाथान आल्यानंतरचं दावीदचं स्तोत्र असं त्याच्या मथळ्यात म्हटलंय, आणि त्यात तो देवाला म्हणतो की मी तुझ्याच विरुद्ध, फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. फक्त? यावर नेहमीचं उत्तर असं की राजाच्या वर दुसरं कोर्टच नव्हतं, म्हणून ‘तुझ्यापुढेच मी आरोपी’. अर्थ लागतो. पण आजीच्या शेजारी बसून ते वाचवत नाही.

एकदा मी आजीला सरळ विचारलं होतं, देवानं आजोबांना माफ केलं असेल का गं? ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘द्येवानं केलं आसंल. मला कुठं कुणी इचारलं?’

हाच आक्षेप. तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्याला मोठं नाव असेल, पण मुद्दा हाच: दुसऱ्याच्या वतीनं माफी देता येते का? आणि इथेच ती ओळ येते, जिच्यासाठी मी हा सगळा भाग केला. १ राजे, १५वा अध्याय, ५वं वचन. दावीदच्या पणतूच्या राज्याचा हिशेब चाललाय आणि लेखक जाता जाता सांगतो, दावीदनं परमेश्वराच्या दृष्टीनं योग्य तेच केलं, आयुष्यभर त्याच्या आज्ञेबाहेर गेला नाही, उरीया हित्तीचं प्रकरण सोडून.

‘सोडून’. वाक्य तिथेच संपतं. पसंतीच्या वाक्यातच अपवाद नावानिशी बसवलाय. लेखकानं खानेसुमारीचं प्रकरण यात घेतलेलं नाही, ज्यावरून देव दावीदवर खरंच चिडला होता. दावीदची बाकीची खोडी पोटात घातली, ही घातली नाही. आणि हे केव्हा लिहिलंय बघा. राजे या पुस्तकातली शेवटची घटना ख्रिस्तपूर्व ५६१च्या आसपासची आहे, दावीद त्याआधी सुमारे चारशे वर्षं होऊन गेला. चारशे वर्षांनी, क्षमा होऊन, वंश चालून, देऊळ बांधून, पडून झाल्यावरही हिशेबाच्या वहीत उरीयाचं नाव खोडलेलं नाही.

त्याहून पुढे जा. २ शमुवेलच्या शेवटाकडे दावीदच्या शूर वीरांची यादी आहे, तिचं शेवटचं नाव उरीया हित्ती. इतिहासच्या लेखकानं प्रकरण गाळलं, पण त्याच्याही यादीत उरीया राहिला. मत्तयच्या शुभवर्तमानात पहिल्याच पानावर येशूची वंशावळ आहे. तिथे शलमोनाची आई कोण सांगायचं होतं. बथशेबा असं लिहून चाललं असतं. मत्तय लिहितो, उरीयाची बायको. यात बथशेबाचं नाव गेलं ही माझी तक्रार आहेच, तामार, राहाब, रूथ यांची नावं त्याच यादीत आहेत. पण हजारएक वर्षांनी, ज्या घराण्यातून तारणारा आला म्हणून अभिमानानं सांगायचं, त्याच ओळीत मारलेल्या माणसाचं नाव ठेवायचं, हे खुशामतीचं लिखाण नव्हे.

म्हणून त्या श्रोत्याला माझं उत्तर असं की देवानं दावीदला माफ केलं म्हणजे स्वतःच्या हातातली शिक्षा सोडली. उरीयाचं देणं त्यानं उरीयाच्या वतीनं माफ केल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. ते वहीत आहे. पसंती खरी, अपवाद खरा, आणि दोन्ही एकाच वाक्यात. मला हे तर्काच्या विरुद्ध वाटत नाही. उलट, माणसाबद्दल प्रामाणिकपणे बोलायचं तर दुसरं कसं बोलणार?

आजोबांच्या बाबतीत मात्र उपमा अर्धीच लागू होते, हेही मला मान्य करावं लागतं. दावीदचे ते दोन शब्द त्यांनी कधी उच्चारल्याचं आजीला आठवत नाही. देवापाशी एकटे बोलले असतील तर ते मला कसं कळणार? ओट्यावरच्या पोरांबद्दल त्यांना द्यायची ती शाबासकी मी आजही देते, त्यात कंजुषी करत नाही. पण त्या दिवशी चर्चमधल्या उपदेशात एक ‘सोडून’ यायला हवं होतं. पाळकसाहेबांना माहीत नव्हतं, त्यांना दोष नाही. आम्हाला माहीत होतं.

रेकॉर्डिंग झाल्यावर मी हा भाग आजीला ऐकवला. फोन कानाला लावून, डोळे मिटून तिनं पूर्ण ऐकला. मग विचारलं, त्या बाईचं पुढं काय झालं? मी सांगितलं, तिचा मुलगा शलमोन राजा झाला. एकदा ती दरबारात आली तर तो उठून सामोरा गेला, तिच्यापुढे वाकला, आणि उजव्या बाजूला तिच्यासाठी आसन मांडायला लावलं.

आजीनं मान डोलावली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आन् उरीयाच्या मागं रडायला कोण व्हतं?’

मी शोधलं. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. नवरा मेल्याचं ऐकून त्याच्या बायकोनं त्याच्यासाठी शोक केला, एवढं एक वाक्य आहे. ते तिला वाचून दाखवलं.